ओटा न फोडता जुनं स्वयंपाकघर नवं करताना

आमची इमारत डोंबिवलीतली, १९८६ची. स्वयंपाकघर त्या काळच्या बहुतेक स्वयंपाकघरांसारखंच. काळ्या कडप्प्याचा ओटा, त्याखाली कडप्प्याचेच खण, ओट्यामागे दोन फूट पांढऱ्या टाइल्स, त्यावर पिस्ता रंगाचा ऑइलपेंट आणि दारावर सिमेंटचा माळा. खणांना शटर नव्हती, मापाला शिवलेले पडदे होते. पडद्यामागे डबे, डब्यांमागे झुरळं.

ट्रॉल्या करणाऱ्या एकाला बोलावलं. टेप उघडायच्या आधीच तो म्हणाला, "पहिले हा ओटा तोडावा लागेल." कोटेशन आलं सव्वादोन लाखांचं आणि तीन आठवडे स्वयंपाक बंद. सासूबाईंनी कागद वाचला, चष्मा काढून ठेवला आणि विचारलं, "पण ओट्याला झालंय काय?"

खरंच काही झालं नव्हतं. चाळीस वर्षं कुटणं, वाटणं, आपटणं सोसून तो दगड जागेवर होता. शिवाय ओटा फोडला की त्याच्यासोबत टाइल्स, नळाचे पाइप, कधी कधी खालची लादीही जाते. खर्च फुगतो तो तिथेच. म्हणून आम्ही ओटा ठेवला आणि भोवतालचं सगळं शनिवार-रविवार करत दोन महिन्यांत बदललं. वायरमनची मजुरी धरून साधारण ३४ हजार गेले. त्यातले दोन-अडीच हजार निव्वळ माझ्या चुकांचे.

१. आठवडाभर नुसतं बघा

फ्रिजवर एक कागद चिकटवा आणि काम करताना जिथे जिथे वैताग येतो ते लिहीत जा. आमच्या कागदावर आलं ते असं: ट्यूब पाठीमागे असल्यामुळे पोळी लाटताना आपलीच सावली पोळपाटावर पडते, मिक्सर आणि मायक्रोवेव्ह एकाच एक्स्टेंशनवर, सिंकखाली कायम ओल, खालच्या खणातलं काढायला फतकल मारून बसावं लागतं. आठ दिवसांत "रंग आवडत नाही" असं कोणी एकदाही लिहिलं नाही. आम्ही मात्र सुरुवात रंगाच्या शेडकार्डापासून करणार होतो.

ओट्याची उंचीही याच आठवड्यात तपासा. ओट्यापाशी ताठ उभं राहून कोपर काटकोनात दुमडा. ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली असेल तर ठीक. आमचा ३१ इंचांचा निघाला, म्हणजे मला ठेंगणा. त्यासाठीही ओटा फोडायची गरज पडली नाही. जिथे भाजी चिरते तिथे अडीच इंच उंचीचा लाकडी पाट ठेवला आणि कंबर दुखायची थांबली.

२. सोसायटीला आणि शेजाऱ्यांना आधी सांगा

सेक्रेटरींना दोन ओळींचं पत्र द्या, पोच घ्या. दुपारी दोन ते चार ड्रिल बंद. खालच्या मजल्यावर स्वतः जाऊन सांगून या, कारण तुमचं पाणी गळालं तर आधी त्यांच्या छताला कळतं. आणि पावसाळ्यात हे काम काढू नका. लांबी (भिंतीची पुट्टी) वाळत नाही, रंग चिकट राहतो, प्लायवूड ओल ओढतं.

३. हत्यारं, सामान, कागदपत्रं

– ड्रिल मशीन. हॅमर चालू-बंद करता येणारंच हवं, कारण पुढे कळेल. विकत घेऊ नका, कोणाचं तरी मिळतं.
– दगडात चालणारी ६ आणि ८ मिलिमीटरची बिट, आणि बिजागरीचा खड्डा पाडायचं ३५ मिलिमीटरचं बिट.
– दोन स्क्रूपाने (एक नाही, दोन), टेफ्लॉन टेप, टेस्टर, पाणसळ, मेझरटेप.
– रंग खरवडायचा पत्रा, ८०, १२० आणि २२० नंबरचा पॉलिशपेपर.
– रबरी हातमोजे, गॉगल, मास्क. गॉगल न लावता छताकडे बघून काहीही खरवडू नका.
– जुने फडके जितके असतील तितके, आणि दोन बादल्या.

कागदांमध्ये सोसायटीच्या पत्राची पोच, गॅसचं पुस्तक आणि विजेचं बिल. बिलावर "मंजूर भार" छापलेला असतो, तो आकडा वायरमन विचारेल.

४. आधी पाणी

रंगाआधी पाणी, शटरआधी पाणी, सगळ्याच्या आधी पाणी. गळती राहू देऊन वर नवं शटर लावलं तर सहा महिन्यांत प्लाय फुगतं.

स्वतः करता येण्यासारखं बरंच आहे. सिंकखालचा बाटलीसारखा ट्रॅप हाताने उघडतो. खाली बादली ठेवा, आतला गाळ काढा, रबरी वायसर नवा टाका. नळ ठिबकत असेल तर बहुतेक वेळा त्याचा स्पिंडल (आतला फिरणारा दांडा) किंवा वायसर गेलेला असतो. जुना खिशात घालून दुकानात न्या, तोंडी वर्णन करत बसू नका. टेफ्लॉन टेप आटे समोर धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर नळ फिरवताना ती सुटत जाते.

आता माझी चूक. जुन्या इमारतींत भिंतीतले पाइप जीआयचे, म्हणजे लोखंडाचे. वरून शाबूत दिसतात, आतून गंजून पापुद्रा झालेले असतात. भिंतीतला नळ बदलायला मी पाना लावला. हलेना. पान्यात लांब पाइप अडकवला आणि अंगाचा जोर दिला. नळ सुटला, पण एकटा नाही. भिंतीतल्या निपलचा, म्हणजे जोडपाइपचा, तुकडा घेऊन बाहेर आला आणि मागून पाण्याची धार. घरचा कॉक बंद करायला गेले तर तो इतकी वर्षं कोणी फिरवलाच नसल्यामुळे जागचा हलेना. विंगचा व्हॉल्व्ह गच्चीवर, गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी ठाण्याला लग्नात. चाळीस मिनिटं मी भोकात पंचा कोंबून अंगठ्याने दाबून उभी होते. खालच्या मावशी वर आल्या, मला बघितलं आणि न बोलता दुसरा पंचा आणायला गेल्या.

यातून काय घ्यायचं ते सांगते. पाना उचलायच्या आदल्या दिवशी घरचा मुख्य कॉक पूर्ण बंद होतो का ते बघा. विंगचा व्हॉल्व्ह कुठे आणि किल्ली कोणाकडे ते विचारून ठेवा. एका पान्याने मागचा भाग धरायचा, दुसऱ्याने पुढचा फिरवायचा. नेहमीच्या जोराला हलत नसेल, कडेने तांबूस पूड पडत असेल, तर थांबा आणि प्लंबरला बोलवा. त्याची मजुरी चार टाइल्स फोडण्यापेक्षा स्वस्त पडते. आमच्या त्या फुटलेल्या चार टाइल्सच्या मापाच्या टाइल्स अख्ख्या बाजारात मिळाल्या नाहीत. शेवटी निळ्या नक्षीच्या चार बसवल्या. येणारा प्रत्येक जण "हे डिझाइन छान आहे" म्हणतो.

५. मग वीज, आणि इथे हात आवरा

नुसती यादी तुम्ही करा, वायरिंग परवानाधारक वायरमनला करू द्या. यादीत प्रत्येक उपकरणाचे वॅट लिहा. २००० वॅटची इंडक्शन शेगडी २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढते. जुन्या स्वयंपाकघरातले पॉइंट असतात ६ अँपिअरचे. मोठी पिन लहान पॉइंटमध्ये बसवायचे अॅडॅप्टर बाजारात मिळतात, पण त्याने फक्त पिन बसते. भिंतीतली वायर होती तितकीच बारीक राहते आणि तापत राहते. आमच्या एक्स्टेंशनच्या एका भोकाभोवती तपकिरी डाग पडला होता. सगळ्यांनी तो बघितला होता, आणि तो मसाल्याचा आहे असं सगळ्यांनी ठरवलं होतं.

वायरमनला सांगायच्या गोष्टी: इंडक्शन, मायक्रोवेव्ह, ओव्हन यांना १६ अँपिअरचे वेगळे पॉइंट आणि त्याला साजेशी जाड वायर. मिक्सरला ६ अँपिअर पुरतं. अर्थिंग खरंच जोडलेलं आहे का ते तपासून दाखवायला सांगा, नुसता तिसरा होल असणं म्हणजे अर्थिंग नव्हे. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. ओल्या हाताने बटण दाबणाऱ्या घरात तो हवाच. पॉइंट सिंकच्या किंवा शेगडीच्या डोक्यावर नकोत.

उजेडाचं मात्र मी स्वतः केलं. ओट्यावरच्या फळीखाली अॅल्युमिनियमच्या पन्हाळीत बसणारी एलईडी पट्टी मिळते, वर दुधी झाकण असतं. ती फळीच्या पुढच्या काठाला लावा, भिंतीच्या बाजूला नको. ४००० केल्विनचा उजेड घ्या. फार पिवळ्या उजेडात हळद किती पडली कळत नाही, फार पांढऱ्यात भात करपल्यासारखा दिसतो, असं आमच्याकडचं मत. पट्टीचा ड्रायव्हर, म्हणजे तिला वीज पुरवणारी डबी, शेगडीपासून लांब ठेवा. त्याची पिन मी नव्या ६ अँपिअरच्या पॉइंटला दिली. सगळ्या कामात सर्वांत कमी खर्चाची ही गोष्ट, आणि रोज जाणवते तीच.

६. गॅसजवळचे नियम

सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला तर खाली साचतो, वर जात नाही. म्हणून सिलिंडरच्या खणाला घट्ट बंद शटर लावू नका. आम्ही त्या एका खणाला चौकटीत स्टीलची जाळी ठोकली, आणि जाळी अगदी जमिनीपर्यंत घेतली. सिलिंडर उभाच ठेवायचा आणि शेगडी त्याच्या वरच्या पातळीवर.

रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची, मुदत नळीवरच छापलेली असते. सिलिंडर लांब सरकवायचा म्हणून दोन नळ्या जोडू नका. कडप्प्याच्या भोकातून नळी जात असेल तर भोकाची धार पॉलिशपेपरने गोल करा, नाहीतर येता-जाता ती नळीला घासते. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद करायचा, खिडक्या उघडायच्या आणि १९०६ ला फोन.

पाइपचा गॅस असेल तर गोष्ट उलटी. तो हवेपेक्षा हलका, वर जातो, म्हणून वरची खिडकी किंवा एक्झॉस्टचं तोंड बंद करू नका. पाइप किंवा मीटर सरकवायचं काम कंपनीच्या माणसाचं. शटरसाठी "जरा वाकवला" असं करायचं नाही.

७. तेलाचा थर

एक्झॉस्ट, खिडकीच्या जाळ्या, टाइल्स, माळ्याची खालची बाजू. चिकट थर असताना कुठलाच रंग, ग्राउट (टाइल्सच्या सांध्यांत भरतात ते) किंवा चिकटपट्टी टिकत नाही. महागडे स्प्रे मी आणले आणि फुकट घालवले. शेवटी कामाला आला तो धुण्याचा सोडा. बादलीभर कडकडीत पाण्यात दोन मुठी, हातमोजे घालून फडक्याने लावायचा, दहा मिनिटं ठेवायचा, पत्र्याने हलकेच ओढायचा. सोडा अल्कली आहे, तेलाचा साबण होतो आणि पाण्याने निघतो. एक्झॉस्टची पाती काढून त्याच पाण्यात रात्रभर. खाण्याचा सोडा यासाठी कमी पडतो. आणि पाती अॅल्युमिनियमची असतील तर सोड्यात टाकू नका, काळी पडतात. ती साध्या भांड्याच्या साबणाने धुवा.

ओट्याच्या बाबतीत एक लक्षात ठेवा. कडप्पा हा चुनखडीचा दगड, नाव आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यावरून. चुनखडी आम्लाने खाल्ली जाते. लिंबू, चिंच, व्हिनेगर आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाथरूमची आम्लयुक्त लिक्विडं. सिंकजवळचे क्षारांचे डाग काढायला मी तेच ओतलं. बुडबुडे आले, मला वाटलं घाण निघतेय. निघत होता तो दगड. पुसल्यावर हातभर जागा राखाडी आणि खरखरीत. पाण्यात भिजवलेला पॉलिशपेपर आधी ४००, मग ८०० नंबरचा, असं तीन संध्याकाळी घासलं आणि वर खोबरेल तेलाचा हात फिरवला. डाग फिका झाला, गेला नाही. सासूबाई त्यावर पाण्याचा माठ ठेवतात. (ग्रॅनाइटवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.)

८. टाइल्सचे तीन रस्ते

स्टिकर: दिसायला छान, लावायला सोपे, शेगडीमागे सहा महिने टिकत नाहीत. उष्णतेने कडा सुटतात आणि त्यात तेल शिरतं. दुसरा रस्ता टाइल्सचा रंग. हा जमतो, पण आधी १२० नंबरने चकाकी मारावी लागते आणि टाइलवर धरणारा प्रायमर लागतो. सिंकमागे, जिथे रोज पाणी उडतं, तिथे तो आधी जातो.

आम्ही तिसरा घेतला, फक्त सांधे बदलले. टाइल्स चांगल्या होत्या. मळकट दिसत होते ते त्यांच्यामधले व्हाइट सिमेंटचे सांधे. जुनं व्हाइट सिमेंट टोकदार पात्याने निदान दोन-तीन मिलिमीटर खोल खरवडा, ब्रशने पूड काढा, एक दिवस वाळू द्या. मग एपॉक्सी ग्राउट. यात रेझिन, हार्डनर आणि भुकटी असे तीन भाग येतात, पाकिटावरच्या मापानेच कालवायचे. अख्खं पाकीट एकदम कालवू नका. कालवल्यावर अर्धा-पाऊण तासात घट्ट होतं, उन्हाळ्यात त्याहून लवकर. एका वेळी चार-पाच चौरस फुटांपुरतं घ्या, रबरी पट्टीने तिरपं ओढून सांध्यात दाबा आणि टाइलवरचं लगेच ओल्या स्पंजाने पुसा. "नंतर एकदम पुसू" म्हणालात तर टाइलवर जो धुरकट थर बसतो तो नखाने काय, पत्र्यानेही निघत नाही. आमच्या खिडकीखालच्या एका ओळीत तो अजून आहे.

९. भिंती

पिस्ता ऑइलपेंट कोरडा घासू नका. भारतात रंगातल्या शिशाची कमाल मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) ठरवणारे नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, आणि कोरडं घासलं की ते धुळीत येतं. भिंत ओली करून घासा, मास्क लावा, लहान मुलं आणि गरोदर बाई घरात नकोत, फडकी टाकून द्या. सुटलेले पोपडे तेवढे काढा. घट्ट बसलेला रंग खरवडत बसायची गरज नाही, चकाकी मेली की पुरे.

मग खड्ड्यांत लांबी, वाळल्यावर २२० ने घासणं, प्रायमर, आणि धुता येणाऱ्या इमल्शनचे दोन हात. चकाकी न मारता ऑइलपेंटवर सरळ इमल्शन लावलं तर पहिल्याच धुण्यात ते सालपटासारखं निघतं.

१०. शटर

आधी झुरळांचा बंदोबस्त. खण रिकामे असताना कोपऱ्यांत जेल लावा, पाइपची भोकं बंद करा, आठवडा जाऊ द्या. शटर लावल्यावर आतला अंधार झुरळांना आवडतोच.

माप घेताना प्रत्येक खण वर, मध्ये आणि खाली असा तीन ठिकाणी मोजा, सगळ्यात लहान आकडा धरा. कडप्पा हाताने बसवलेला असतो, काटकोन नसतो. आमचा एक खण वर १७ इंच आणि खाली पावणेसतरा होता. शटर खणाच्या मापापेक्षा चार मिलिमीटर कमी रुंदीचं घ्या. प्लायवूडच्या दुकानात मापं लिहून दिली की मशीनवर कापून मिळतं. तिथे बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारं प्लाय, मागा, १८ मिलिमीटर जाडीचं. एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) गुळगुळीत आणि स्वस्त म्हणून पुढे करतील, पण ओट्याखाली ते पावासारखं फुगतं.

आता प्रश्न, दगडाला बिजागरी कशी लावायची? कडप्प्याच्या काठात स्क्रू मारायचा विचारही करू नका, पापुद्रा उडतो. उभ्या कडप्प्याच्या दोन्ही बाजूंना प्लायच्या दोन इंची पट्ट्या लावा आणि दोन्हींमधून आरपार नट-बोल्ट घ्या. भोक पाडताना हॅमर बंद, वेग कमी, आणि दुसऱ्या कोणीतरी बाटलीने थोडं थोडं पाणी सोडायचं. ड्रिल बॅटरीवरचं असेल तर उत्तम. वायरचं असेल तर पाणी सोडायचं नाही, थांबत थांबत बिट गार होऊ द्यायचं. भोक काठापासून दीड इंच तरी आत हवं. भिंतीच्या बाजूला प्लग आणि स्क्रू.

पट्टी १८ मिलिमीटरची असेल तर बिजागरी सरळ, म्हणजे शून्य क्रँकची (हात न वाकलेली) मागा. शटर पट्टीला झाकतं आणि दोन शटरांच्या मध्ये कडप्प्याची काळी रेघ दिसत राहते. ३५ मिलिमीटरचा खड्डा १२-१३ मिलिमीटर खोल पाडायचा. बिटला चिकटपट्टीची खूण करा, नाहीतर समोरून आरपार. माझं एक गेलं. ते आता माळ्यावर फळी म्हणून आहे.

शटरच्या चारही कडा सील करा, विशेषतः खालची. लादी पुसतानाचं पाणी तिथूनच चढतं, आणि वरून दिसत नाही म्हणून सगळे तीच कड विसरतात.

११. पंधरा दिवसांनी

डबे भरल्यावर आणि रोजची उघडझाप सुरू झाल्यावर शटर थोडी खाली उतरतात, एकमेकांना घासतात. घाबरू नका आणि सुताराला बोलावू नका. बिजागरीवर शटरच्या बाजूचा स्क्रू फिरवला की शटर डावी-उजवीकडे सरकतं, मागच्या स्क्रूने आत-बाहेर, आणि प्लेटचे दोन स्क्रू ढिले केले की वर-खाली. एका वेळी पाव फेरा, मग शटर बंद करून बघायचं. आमच्याकडे हे काम आता सासूबाईंचं आहे. मसाल्याच्या डब्याशेजारी एक स्क्रूड्रायव्हर असतो, आणि तो तिथून हलवलेला त्यांना चालत नाही.